आरशातली पोट्टी

बर्डीवर, जुन्या पुस्तकांच्या फुटपाथी दुकानात
तलाठी भरतीच्या गठ्ठ्याखालून
एक पोरगी माझ्याकडे बघत होती,
पंचेचाळीस वर्षांनी.

हातात कंगवा, समोर आरसा.
आरशातलीचा कंगवा
बोटभर मागे.

मी लेकीसाठी गाईड घ्यायला गेले होते.
दुकानदार म्हणाला, फाटकं आहे, वीस द्या.
मी घासाघीस केली नाही,
तोच जरा घाबरला.

आई अजनीच्या रेल्वे कॉलनीत
फर्नली मॅडमकडे भांडी घासायची.
त्यांच्या लोर्नाची मावशी विलायतेहून
बोटीनं कॉमिकं धाडायची, सहा-सहा एकदम,
सुतळीनं बांधलेली.
पोरींची. भुतांची.
लोर्नाचं वाचून झालं की ती रद्दी,
आणि रद्दी झाली की आमची.

कागद पातळ आहे, पण कव्हराला चालते, आई म्हणायची.
म्हणून माझ्या भूगोलाच्या वहीवर
पाठीवर कवटी असलेलं पाखरू,
गणितावर विहिरीतून वर आलेला हात,
इतिहासावर गणवेशातल्या बारा पोरी,
त्यांतल्या बारावीला चेहरा नाही.
गजभियेबाई ओरडल्या, काय हे अभद्र, काढ आधी.
मधल्या सुट्टीत जवळ बोलावून
हळूच विचारलं,
त्या बारावीचं पुढं काय होतं?

मला कुठं माहीत.
ते सुकेशिनीताईला माहीत असायचं.
मे महिन्यात इंदोऱ्यात टिनाखाली झोपवत नसे,
बाजा अंगणात.
ताईच्या मांडीवर कॉमिक, उशाशी कंदील,
तिचं बोट एकेका फुग्यावरून सरकायचं
आणि गोऱ्या पोरी आमच्या बोलीत किंचाळायच्या.
तिला इंग्रजी येतं की नाही
हे मी कधी तपासलं नाही.
खाटेवर पडल्या पडल्या
चांदण्या कुणी तपासतं का?

आरशातली बाहेर येते, हिला आत ओढते.
मग ही आतून आरशावर वरवंटा हाणते
आणि काचांच्या पावसातून अंगणात उडी.
मी विचारायची, आरशात वरवंटा कुठून आला?
ताई म्हणायची,
सयपाकखोली आरशातही रायते, येडे.

आज दुपारी, कूलरच्या घरघरीत,
चष्मा लावून, पोस्टात तीस वर्षं झिजवलेल्या इंग्रजीनं
मी ते पहिल्यांदा वाचलं.
वरवंटा नाही.
पोरगी खोटं बोलली होती, मामेबहिणीवर जळत होती,
स्वतःकडे बघण्यात जरा जास्तच वेळ घालवत होती,
एवढंच.
शेवटच्या चौकटीत काचेवर तिचे दोन तळवे,
आणि बाहेर ती दुसरी
केस नीट करून खाली चहाला जाते.
समाप्त.
पुढची गोष्ट तशीच, त्यापुढचीही.
भूत कमी, हेडमास्तरीण जास्त.

तुमसरला फोन लावला.
ताई, ती सुटतच नाही गं.
कोन?
आरशातली.
कुकरची एक शिट्टी गेली, मग दुसरी.
मग ती हसली, खोकला येईस्तोवर.
मले कुठं येत होतं वं इंग्रजी?
सातवीतून काढलं बाबानं,
दोन वर्सानं इकडे धाडलं.
मी त चित्रं पाहून फेकत होती.
तू रातच्याले भ्यायची,
मंग सोडवा लागे एकेकीले.

मी काहीच बोलले नाही.
तिनंच विचारलं,
खरंच आतच रायली मनतेस?
अन् तिची माय?
दुसरीच पोट्टी येऊन चाय प्याले बसली
अन् मायले समजलं नाही?

थांब, म्हटलं, बघते.
पान पुन्हा उघडलं, खिडकीशी नेलं.
आई आहे चित्रात, कोपऱ्यात, अगदी लहान.
पाठमोरी.
किटलीतून चहा ओतते आहे.